चांगला अंगठा

माझा अंगठा चांगला येतो, हे मला गोव्यात, पेडण्याला आल्यावर कळलं. गावाकडे अंगठ्याकडे कोण बघतं? आठवीतून शाळा सुटली तेव्हा मला नीट सही करता येत होती, आणि सही येते त्याला अंगठा लागत नाही अशी माझी समजूत. पेडण्याजवळच्या काजूच्या कारखान्यात पहिल्या दिवशी मुकादमाने हजेरीच्या यंत्रावर माझं बोट टेकवलं आणि लगेच हिरवा दिवा लागला. मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "पयल्याच फेऱ्यात आलो गो! जप तुझी बोटां. हंय ती लवकर मरतत."

तिने आपला हात पुढे करून दाखवला. बोटांची पेरं काळी आणि गुळगुळीत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. काजूची बी वाफेत उकडून घेतात, मग कटाईच्या बायका ती एकेक करून यंत्राच्या पात्यात धरतात आणि पायाने दाबून फोडतात. कवचातून तेल निघतं. ते तेल कातडी जाळतं. हाताला खोबरेल लावा, राख चोळा, ते आपलं काम करतंच. वरची कातडी सुटते, नवी येते, तीही सुटते, आणि दोन-चार वर्षांत बोटावरच्या रेघा पुसून जातात. कटाईच्या बायकांचं बोट यंत्रावर ठेवलं की लाल दिवा. तीनदा लाल झाला की मुकादम वहीत हाताने नाव लिहायचा आणि वर ऐकवायचा, "तुम्ही बायका म्हणजे भुतं. यंत्राला दिसतच नाही."

मला कटाईवर घेतलं नाही, सोलण्यावर बसवलं. भट्टीत वाळलेल्या गराची तांबूस साल सुरीने काढायची. तिथे तेल पोचत नाही. म्हणून माझी बोटं राहिली. सोलण्याची ती जागा मला मावशीमुळे मिळाली.

मावशी माझी कोणी नव्हती. ती चंदगडकडची, मी खानापूरच्या पलीकडची. आई आजारी पडली, तिच्यामागे घर, घरामागे शाळा गेली, आणि पुढे गावाकडच्या एका मुकादमाच्या ओळखीने मी गोव्याला आले तेव्हा पेडण्याच्या स्टँडवर मला घ्यायला येणारा माणूस आलाच नाही. पिशवी मांडीवर घेऊन मी दोन तास बसले होते. कामावरून परतणाऱ्या बायकांतली एक थांबली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कुठली गे तू? जेवलीस?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग उठ की. बसून काय पाऊस पाडतीस?" त्या दिवसापासून मी तिच्या खोलीत आहे. घरमालकिणीला तिने सांगितलं, माझी भाची. मुकादमाला सांगितलं, माझी भाची, तिला कटाईवर घालू नका, तिची बोटं नाजूक आहेत. स्वतः ती सतरा वर्षं कटाईवर.

हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही. पुढे जे झालं ते सांगताना आधी हे सांगायला पाहिजे.

माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. दाराची कडी लावली का, हे तीनदा उठून बघणारी मी. गोव्यात आल्यावर त्या भीतीला नवं खाद्य मिळालं ते झेरॉक्सचं. भाडेकरूचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, म्हणून घरमालकिणीने आधारच्या दोन झेरॉक्स घेतल्या. एक ठाण्यात गेली, दुसरी तिने देवाच्या कपाटात ठेवली. मी तिला एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "देवाकडे आसा गो तुझो कागद, खंय वचचो ना." मुकादमाने एक घेतली, बँकेने एक, गॅसवाल्याने एक. झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनजवळ फाटक्या, बिघडलेल्या प्रतींचा ढीग असायचा, त्यात माणसांची काळीपांढरी तोंडं वर बघत पडलेली. माझंही त्यात एक असणार असं मला वाटायचं. मावशी म्हणायची, "तुझं तोंड घेऊन कोण काय करणाराय? तू काय राणी हाईस?"

मग मावशीचं सिम बंद पडलं. ते तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावावर होतं. पडताळणी करा, असे संदेश येत होते. तिला ते वाचता येत नव्हते आणि मी तिच्या फोनमध्ये कधी डोकावले नाही. एका सकाळी फोन मुका झाला. बँकेचा ओटीपी येईना, पगार अडकला. आधार केंद्रावर दोन खाडे करून गेली. तिथेही बोटं उमटेनात. डोळ्याचं यंत्र बिघडलेलं होतं, पुढच्या महिन्यात या म्हणाले.

पेडण्याच्या गुरुवारच्या बाजारात बांगडीवालीच्या शेजारी एक सिमवाला बसायचा. निळी मोठी छत्री, प्लास्टिकचं स्टूल, मोबाइल आणि त्याला जोडलेलं बोट ठेवायचं डबीएवढं यंत्र. तिशीच्या आसपासचा माणूस असेल. मावशीने पाचदा अंगठा ठेवला. पदराला पुसून ठेवला, थुंकी लावून ठेवला, डावा ठेवला. लाल.

"न्हाई होत मावशी," तो म्हणाला. बोलण्याचा हेल ऐकून मी चमकले, आमच्याकडचाच. "केंद्रावरच जायला पाहिजे."

"जाऊन आल्ये. हिचा घे." मावशीने माझा हात धरून पुढे केला.

"तसं चालत न्हाई. ज्याचं सिम त्याचाच अंगठा. कायदा झालाय आता."

"कोण बघतंय?"

"सगळं बघतात मावशी. कुठलं सिम कुणी विकलं ते निघतं. माझा कोड पडतो प्रत्येकावर." त्याने मोबाइल तिच्याकडे वळवला, जणू ती वाचणार होती.

मावशी हटली नाही. तिने त्याचं गाव विचारलं, बायकोचं गाव विचारलं. बायको निघाली आमच्या शेजारच्या गावची. आमच्या ओढ्यावर त्यांची म्हसरं येतात, इतकं शेजारचं. मावशीने विजयाने माझ्याकडे बघितलं. तो हसला आणि मान खाली घालून म्हणाला, "बरं. एकच."

एक झालं. मग मावशी म्हणाली, "आणि एक. पोराला."

तिचा मुलगा हरमलच्या किनाऱ्यावर पाहुण्यांच्या खोल्या सांभाळायचा आणि स्कूटर भाड्याने द्यायचा. त्याला धंद्याला वेगळा नंबर हवा होता, आणि स्वतःची कागदपत्रं त्याने कुठे तरी हरवली होती. सिमवाल्याने यंत्र बंदच केलं. म्हणाला, "न्हाई, आता न्हाई. मला अडकवशीला."

तेव्हा मी बोलले. मावशी नाही, मी. दोन वर्षं जिच्या ताटातलं खाल्लं तिच्यासाठी काही करायची पहिलीच वेळ आली होती, आणि ते करायला फक्त एक बोट लागत होतं. मी म्हटलं, "द्या की दादा. माझ्या नावावर आहे ना? मी बघतो." आमच्याकडे बायकाही बोलताना "मी बघतो" म्हणतात, हे गोव्यातल्या लोकांना सांगावं लागतं. त्याला सांगावं लागलं नाही.

त्याने यंत्र पुन्हा चालू केलं. मोबाइलवर इंग्रजीत लांबलचक काही आलं, खाली एक चौकोन. "ही संमती," असं म्हणून त्यानेच त्यात खूण केली. मग फोटो. ऊन तोंडावर येत होतं, म्हणून त्याने उठून छत्री माझ्या बाजूला कलती केली आणि स्वतः उन्हात उभा राहिला. मावशी माझ्या खांद्याशी उभी राहून केस मागे सारत होती. "हस की गे. लग्नाचा फोटो काढाय लागलाय असं हस." मी हसले.

अशी माझ्या नावावर तीन सिम झाली. माझं, मावशीचं, तिच्या मुलाचं. कारखान्यात ही गोष्ट पसरली आणि मला नवं नाव पडलं, सरकारी अंगठा. "काय गो सरकारी अंगठ्या, जेवलंस?" असं विचारायच्या. मला ते आवडायचं. इतक्या बायकांत माझ्याकडे काहीतरी होतं. रविवारी कधी मावशीचा मुलगा मोटारसायकलवरून मासळी घेऊन यायचा. पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गोल उंडे, तिखट आमटी, तिघं बसून खायचो. तो मला अक्का म्हणायचा, वयाने मोठा असून.

वर्षभराने, पावसाळा सरताना, दोन माणसं कारखान्यात आली. एक खाकीत, एक साध्या कपड्यांत. मुकादमाने माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या हातात सुरी होती. ती खाली ठेवायची असते हेही सुचलं नाही. मी सुरी घेऊनच त्याच्या खोलीत गेले. खाकीतला म्हणाला, "ती आधी हंय दवर गो," आणि मेजाकडे बोट दाखवलं.

त्यांनी एक नोटीस दिली. तिच्यात एक नंबर होता. माझा नव्हता, मावशीचाही नव्हता. हा नंबर तुझा काय, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. नोटिशीला एक झेरॉक्स जोडली होती, ती त्यांनी उलटली. सिमच्या अर्जाची प्रत. माझं नाव, माझा पत्ता, आणि माझा हसरा फोटो. झेरॉक्सच्या ढिगातून वर बघणारं तोंड म्हणून ज्याला मी इतकी वर्षं भीत होते ते हेच, आणि ते दात दाखवत होतं.

साध्या कपड्यांतल्याने थोडक्यात सांगितलं. मये गावातल्या एका निवृत्त मास्तरांना या नंबरावरून फोन गेला. पलीकडचा म्हणाला, मी पोलीस अधिकारी बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा झालाय, तुम्हाला घरातच अटक केली आहे, फोनसमोरून हलायचं नाही. दोन दिवस मास्तर फोनसमोर बसून राहिले. आयुष्यभराचं साठवलेलं गेलं. नंबर हरियाणात का कुठे वापरला गेला. पण नाव माझं.

"उद्या धा वाजता डिचोली ठाण्यावर. आणि कोणाक तरी वकील बिकील विचार," तो म्हणाला. ते निघाले तेव्हा मुकादमाने मला ऐकू येईल एवढ्या आवाजात त्याला विचारलं, "अटक जातली काय?" तो म्हणाला, "नाव तिचें, जबाबदारी तिची. बघूया."

जेवणाच्या सुट्टीत मावशी शेडमागे वाट बघत होती. डबा उघडलेला नव्हता. मी बोलायच्या आधीच तिने मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तो आधी म्हणाला, सिम हरवलं. "खरं सांग," मावशी म्हणाली. मग तो म्हणाला, हंगाम संपताना खोलीतल्या एका पाहुण्याला इथला नंबर हवा होता. कागद द्यायचे नव्हते त्याला. त्याने आपला जुना मोबाइल दिला, मी सिम दिलं. "मला काय ठाऊक गे आई. सिमच ते. एवढंसं."

मावशीने फोन बंद केला. आपले हात मांडीवर उलटे ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझं नाव घे," ती म्हणाली. "म्हातारीला काय करतील? दोन दिवस ठेवतील. त्याचं घेऊ नको. तेवढं त्याचं घेऊ नको."

मी म्हटलं, "बघतो मावशी."

पण मला माहीत होतं की मावशीचं नाव घेतलं की मुलाचं येणारच. सिम कशाला घेतलं, कोणाला दिलं, हे विचारणारच ना ते. आणि तिचं नाव घेतलं नाही तर मी. माझी नोकरी, खोली, आणि गावाकडे आईच्या कानावर जाणारी बातमी की पोरगी गोव्यात तुरुंगात आहे. संध्याकाळी घरमालकीण दारात आली. तिला कळलं होतं, गावात काय लपतं? "फॉर्म मी वेळार दिल्लो हां," ती म्हणाली. "पोलिसांक सांग तशें." मग जरा थांबून म्हणाली, "घर सोड असां म्हणूंक ना मी. पण पोलीस हंय येवंक जायनात गो." तिचंही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला बस बदलून डिचोलीला गेले. एकटीच. दोघींना खाडा द्यायला मुकादम तयार नव्हता.

ठाण्यात मला बाहेरच्या बाकावर बसवलं. भिंतीवर सरकारची पत्रकं लावली होती. ओटीपी कोणाला सांगू नका. आपली माहिती ही आपली मालमत्ता. आपल्या संमतीशिवाय आपली माहिती कोणी वापरू शकत नाही. मी सगळी वाचली. दुसरं काय करणार? बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळी बटणं लावलेली, गळ्यापर्यंतची.

"मराठी वाचतेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ओठ न हलवता वाचतेस. चांगलं शिकवलंय कोणी तरी. कितवीपर्यंत?"

"आठवी. मग आई आजारी पडली."

"हं," ते म्हणाले. आणि मला कळलं हे कोण. मास्तरांशिवाय असं कोणी विचारत नाही.

त्यांना मी कोण हे माहीत होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. ते भिंतीकडे बघून बोलायला लागले. फोनवरच्या माणसाच्या अंगावर गणवेश होता. मागे भिंतीवर चित्रं होती, अगदी ठाण्यासारखी, इथल्यापेक्षा चांगली. "माझा आधार नंबर त्याने मला वाचून दाखवला. जन्मतारीख सांगितली. इतकं ज्याला ठाऊक तो सरकारच असणार, असं वाटलं मला. बायको आतून विचारायची, जेवायला वाढू? मी तिला हाताने गप्प करायचो. दोन दिवस." मग म्हणाले, "पोरांना आयुष्यभर सांगितलं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि मी नुसतं हो सर, हो सर."

आतून मला बोलावलं. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "काय लिहितील ते वाचून बघ गो. मग सही कर."

आतला अधिकारी दमलेला माणूस होता, वाईट नव्हता. "बस. कदेलार बस," असं म्हणून त्याने खुर्ची दाखवली. पाणी दिलं. मी कोणाच्याही उपकाराला लगेच विरघळते, तशी त्या पाण्याला विरघळले. त्याने माझ्याच मोबाइलवर सरकारचं एक पान उघडलं, ओटीपी टाकायला लावला, आणि माझ्या नावावरचे तीन नंबर एकाखाली एक आले. प्रत्येकाखाली तीन पर्याय. माझा नंबर नाही. गरज नाही. गरज आहे.

"हें तू केन्नाय पळोवंक शकताली," तो म्हणाला. मग मराठीत, "कधीही बघता आलं असतं. सगळं केलंय सरकारने. फुकट आहे. कोणी बघत नाही."

"मला माहीत नव्हतं साहेब."

"कोणालाच नसतं. हे दोन कोणाचे?"

"एक माझा. एक मी जास्तीचा घेतलेला." मावशीच्या नंबराखाली मी गरज आहे दाबलं.

"आणि हा?"

तिसऱ्यावर माझं बोट थांबलं. मग मी माझा नंबर नाही हे दाबलं. हिरवी खूण आली. माझं बोट कुठेही ठेवा, हिरवंच येतं.

त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर तोच अर्ज, पण रंगीत आणि मोठा. झेरॉक्समध्ये माझ्या खांद्यावर एक काळा डाग होता, तो मी रात्रभर शाईचा समजत होते, म्हणजे समजायचं ठरवलं होतं. इथे ती बोटं होती. तीन बोटं, पेरांपर्यंत काळी, माझे केस मागे सारणारी.

"हा हात कोणाचा?"

"बाजारातली कोणी तरी बाई असेल. गर्दी होती."

त्याने त्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेडणे-डिचोलीत वाढलेल्या माणसाला काजूचा हात कळत नाही असं होत नाही.

"बरं," तो म्हणाला. "नंबर तुझा नाही. मग अंगठा कसा लागला?"

मी मोबाइल मेजावर उलटा ठेवला.

"हे विकणारे असं करतात. यंत्र चाललं नाही म्हणतात, परत ठेव म्हणतात, आणि एका माणसाच्या अंगठ्यावर दोन सिम काढतात. एक त्याला देतात, एक बाहेर विकतात. त्याचा कोड आहे आमच्याकडे. तसं झालं?"

त्याने हे विचारलं होतं. मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय, तेही मला माहीत होतं. मला ती काळी बोटं दिसत होती, आणि स्टँडवर कोणीतरी विचारलेलं, जेवलीस? छत्री कलती करून उन्हात उभा राहिलेला माणूस मला दिसलाच नाही असं मी म्हणणार नाही. दिसला. म्हणाला होता, मला अडकवशीला.

"हो साहेब," मी म्हटलं. "तसंच झालं."

त्याने टाइप केलं. कागद छापून निघाला. "वाचून दाखवू?"

"मी वाचते."

सव्वा पान होतं. मी सगळं वाचलं. माझं वय, माझं गाव, कामाचं ठिकाण, सगळं बरोबर. कुठेही काना-मात्रा चुकलेली नव्हती. "सदर सिम विक्रेत्याने मशीन चालत नसल्याचे सांगून माझा अंगठा दुसऱ्यांदा घेतला. त्याने माझ्या नकळत दुसरे सिम काढले याची मला कल्पना नव्हती." मी हे दोनदा वाचलं. मग सही केली. शाळेत शिकवली होती तशी, पूर्ण नावाची.

बाहेर मास्तर अजून बसले होते. "वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"शाबास," ते म्हणाले.

बसमध्ये मी उभी होते. खिडकीशी बसलेल्या बाईने जागा दिली, मी तिचेही आभार मानले.

त्या संध्याकाळी मावशीने काही विचारलं नाही. मी नुसतं म्हटलं, "तुझं नाव नाही आलं. कुणाचंच नाही." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चुलीकडे वळली. बांगडे तळले होते. माझ्या ताटात तिने दोन वाढले, स्वतःला एकही घेतला नाही. मी जेवले. दोन्ही खाल्ले.

पुढच्या गुरुवारी बाजारात बांगडीवालीच्या शेजारी जागा मोकळी होती. तिथे एका बाईने कोकमं मांडली होती. मी बांगड्या बघत उभी राहिले, घ्यायच्या नसताना. विचारलं नाही, तरी बांगडीवालीनेच सांगितलं. "त्याका न्हेलो मगो पोलिसांनी. धंद्याचो परवानो गेलो. बरो माणूस, कोणाक फसयल्यान म्हणतत, खरां दिसना. बायल येवन छत्री घेवन गेली. तुमच्याच वाठारातली, तुझ्यासारखीच उलयता."

मी हिरव्या बांगड्यांचा एक जोड घेतला. तो मी कधी घातला नाही.

तो सुटला की नाही हे मला माहीत नाही. विचारायचं कोणाला? सायबर गुन्ह्यांच्या बातम्या मी मोबाइलवर वाचते. नवा नियम आला, नवा कायदा आला, विक्रेत्यांची नोंदणी सक्तीची झाली, माहिती ज्याची त्याची संमती पाहिजे. सगळे नियम चांगले आहेत. त्या दिवशी त्यांनी नीटच काम केलं. ज्याचा कोड होता तो सापडला. मावशीचा मुलगा हरमल सोडून कारवारच्या बाजूला गेला, आता फोनही कमी करतो. मास्तरांचं काही परत मिळालं असं ऐकलं नाही.

मावशी अजून कटाईवर आहे. तिचा नंबर अजून माझ्या नावावर आहे. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, मी ते सरकारी पान उघडून बघते. दोन नंबर दिसतात. मावशीच्या नंबराखाली दरवेळी तेच तीन पर्याय येतात, आणि मी दरवेळी तेच दाबते, गरज आहे. ते दाबायची गरज नसते, एकदा सांगितलं की पुरतं. तरी दाबते.

कटाईच्या बायकांना कोणी कागदावर अंगठा मारायला लावला असता, तर त्या म्हणू शकल्या असत्या, काय लिहिलंय ते आम्हाला कळलं नाही. मला तसं म्हणता येत नाही. मी आठवी शिकले आहे.

नोटिशीला जोडलेली ती झेरॉक्स त्यांनी परत मागितली नाही. ती माझ्याकडे आहे, पेटीत कपड्यांखाली. कधी तरी काढून बघते. मी हसतेय. खांद्यावर मावशीची बोटं आहेत, डागासारखी. कपाळावर छत्रीची करडी सावली पडली आहे, त्यामुळे ऊन तोंडावर आलेलं नाही. आम्ही तिघं होतो तिथे. तिसरा फोटोत नाही. फोटो तोच काढत होता.